हरकती : निरंक

"मा. महोदय, आपल्या कार्यालयाची नोटीस आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली आढळली. त्यावरून आमच्या गावच्या तलावाच्या पारीवर पुरातन दगडी मंडप असल्याचे समजले. सदर मंडपाचा सदस्यांनी दोन दिवस शोध घेतला, परंतु मिळून आला नाही. मंडप सरकारने जतन करण्यास ग्रामसभेची कोणतीही हरकत नाही. सापडल्यास कळवू."

हे पत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी आधी पोटभर हसले. शामराव शिपायाला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तोही हसला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं आणि त्याच्याकडे बघून माझंही. ती नोटीस चिकटवायला तोच गेला होता, आणि तिच्याखाली सही माझी होती.

काय झालं ते कळायला माझं काम आधी सांगायला हवं.

जुन्या वास्तू जतन करणाऱ्या सरकारी खात्यात मी तांत्रिक सहायक होते. बसायचे नागपूरला, पण भंडारा जिल्हा माझ्याकडे. घरही भंडाऱ्याचंच, हातमागवाल्यांचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, एखादं देऊळ किंवा बुरूज जुना आहे म्हणजे तो आपोआप सरकारच्या ताब्यात. तसं नसतं. आधी कोणीतरी जाऊन तो पाहावा लागतो. टेप लावून मापं घ्यायची, नकाशा काढायचा, चारी बाजूंनी फोटो घ्यायचे, तलाठ्याकडून सातबारा मिळवायचा, आणि 'हे का जपायचं' याचं टिपण लिहायचं. हा प्रस्ताव मुंबईला जातो. तिथून प्राथमिक अधिसूचना निघते. म्हणजे सरकार जाहीर करतं की ही वास्तू आम्ही संरक्षित करू इच्छितो, कोणाला काही म्हणायचं असेल तर दोन महिन्यांत लेखी म्हणा. ही नोटीस त्या वास्तूजवळ ठळक जागी लावायची असते. आलेल्या हरकती ऐकून घ्यायच्या, त्यांवर अभिप्राय द्यायचा, आणि मग अंतिम अधिसूचना. त्यानंतरच खात्याला त्या दगडाला हात लावता येतो.

यातला हरकतींचा भाग आम्ही उरकत असू, हे आज लपवण्यात अर्थ नाही. नोटीस 'ज्याअर्थी'नं सुरू व्हायची आणि 'त्याअर्थी'ला पोचेपर्यंत वाचणारा निघून गेलेला असायचा. कधीमधी एखादं पत्र यायचं. एका निवृत्त मास्तरांनी, आमचंही घर जुनं आहे, तेही जतन करा, असं लिहून दारात उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो जोडला होता. एका गृहस्थांनी त्यांच्या गावाच्या नावात आम्ही ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली म्हणून तीन पानी हरकत घेतली होती. बाकी शांतता. तक्त्यात 'प्राप्त हरकती' असा रकाना असतो. त्यात मी 'निरंक' लिहायचे. निरंक म्हणजे काहीच नाही. तो शब्द लिहिला की फाईल पुढे सरकायची, आणि मला ती लोकांची संमती वाटायची.

आता तो मंडप. गावाचं खरं नाव लिहीत नाही, खैरी म्हणते. साकोलीहून लाखांदूरच्या रस्त्यानं जाताना दिघोरी लागते, तिथून आत कच्च्या वाटेनं ही खैरी. दुसऱ्याच एका कामाला गेले असताना मला तो दिसला. मोठा जुना तलाव, त्याची रुंद मातीची पार, म्हणजे पाणी अडवणारा बंधारा, आणि पारीवर पाण्याकडे तोंड करून बारा खांबांचा दगडी मंडप. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड असा बसवलेला की मधून सुपारीचं खांड जाणार नाही. पाण्याकडच्या तुळईवर माशांची एक रांग कोरलेली. खांबाखांबांना जाळी वाळत घातलेली होती आणि एका अंगाला ढिवरांची, म्हणजे तिथल्या मासेमार कुटुंबांची, कौलारू छपरी टेकलेली. मी जाळी बाजूला करून मापं घेतली. दुपारभर काम केलं आणि अंधार पडायच्या आत परतले. त्या दुपारी मी तिथल्या एकाही माणसाला नाव विचारलं नाही.

पुढे जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या कार्यालयातल्या गठ्ठ्यांची वाटणी सुरू झाली. गोंदियाचे तालुके एका कपाटात, भंडाऱ्याचे दुसऱ्यात, प्रत्येकाची नवी यादी. खैरीपुढचा तालुक्याचा रकाना मी नंतर भरू म्हणून मोकळा सोडला. वरच्या तिन्ही नोंदी तुमसर तालुक्याच्या होत्या, त्यांच्या मागोमाग खैरीही तुमसरची झाली. टाईप कोणी केलं ते विचारू नका, तपासून सही मी केली होती. त्याच यादीवरून प्रस्ताव गेला आणि अधिसूचनाही तुमसरचीच आली. आणि आमच्या भागात एकाच नावाची गावं पैशाला पासरी. तुमसर तालुक्यातही सिहोऱ्याच्या पुढे, बपेऱ्याच्या वाटेवर, एक खैरी निघाली. तिथेही तलाव निघाला. शामराव एसटीनं जिल्ह्याच्या त्या टोकाला जाऊन नोटीस लावून आला.

"मंडप नव्हता तर सांगायचं नाही का, शामराव?"

"मॅडम, तुमी इचारलं, नोटीस लागली का. मी म्हटलं, लागली. मंडप हाये का असं तुमी इचारलंच नाही."

त्याचं खरं होतं. दोन महिने झाले, हरकत आली नाही, मी रकान्यात 'निरंक' लिहिलं. फाईल मुंबईला निघायच्या बेतात असताना सिहोऱ्याकडून हे पत्र आलं.

मी ते घेऊन साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. अख्ख्या विदर्भाच्या फाईली त्यांच्या डोक्यावर होत्या आणि त्यातली एक तरी दरवर्षी तडीला जावी एवढीच त्यांची इच्छा असे.

"शुद्धिपत्रक काढा," ते म्हणाले. "'तालुका तुमसर' याऐवजी 'तालुका लाखांदूर' असे वाचावे. दोन ओळींचं काम."

"पण सर, नोटीस त्या गावात लागलीच नाही."

"लागली असती तर हरकत आली असती का? आजपर्यंत किती आल्या?"

मी बोटांवर मोजल्या, एक हातही भरला नाही. शिवाय घाई होती. खैरीच्या पारीचं मजबुतीकरण मंजूर झालं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जेसीबी येणार होता, पारीवरून ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता होणार होता, आणि मंडप नेमका त्या रस्त्यात उभा होता. शुद्धिपत्रक काढलं तर उन्हाळ्याआधी अंतिम अधिसूचना निघण्याची आशा होती. नवी नोटीस, नवे दोन महिने, सुनावणी असं केलं तर उन्हाळा हातातून जाणार होता. मी त्याच दिवशी शुद्धिपत्रक टाईप करून घेतलं आणि खाली सही केली. हे मुद्दाम लिहिते, नाही तर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की मी पहिल्यापासून शूर होते.

पाठवण्याआधी सरपंचांना भेटून काम थोडं थांबवायला सांगावं म्हणून मी लाखांदूरकडच्या, मंडपाच्या खैरीला गेले. कापणी चालू होती. सरपंच बांधावरच भेटले. पन्नाशीचा, सरळ बोलणारा माणूस.

"मॅडम, मले तुमच्या मंडपाशी दुश्मनी नाही," ते म्हणाले. "पण धान घरी कसे आनाचे? बांध्यातून गाडी निघत नाही, फसते. पारीवरून रस्ता झाला तं गावाचं काम होते. आन पारीवर मंडप आडवा. चार खांब हटवले का ट्रॅक्टर निघून जाते."

"चार खांब काढले तर वरचं सगळं खाली येईल."

"मंग तुमीच सांगा, गाडी कुठून नेऊ?"

माझ्या टिपणात मंडपाच्या चतुःसीमा होत्या. त्यांच्यापलीकडे धान पिकतं आणि ते घरी न्यावं लागतं, हे त्यात कुठेच नव्हतं.

तिथून मी पारीवर गेले. छपरीत एक बाई जाळं विणत बसली होती. साठीच्या आसपासची, बारीक, उन्हानं करपलेली. मला बघताच म्हणाली, "तुमी त्याच ना? फोटो काहाडून गेल्या होत्या. माह्या जाळ्याच्या गाठी सुटल्या होत्या त्या दिवशी."

या कौतिकाबाई. नवरा वारला होता, मुलगा आणि सून याच तलावावर मासे धरत होते. मी सांगितलं की हा मंडप सरकार जतन करणार आहे, आता तो कोणाला पाडता येणार नाही.

"बेस झालं," त्या म्हणाल्या. "आन आमी?"

"तुम्हाला कोण काय करणार?"

"कागदावर काय लिवलं हाये आमच्याबद्दल?"

फाईल माझ्या पिशवीत होती. दुसरं एखादं वाक्य वाचून दाखवता आलं असतं. पण त्या जाळं खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी वाचलं, "मंडपाच्या उत्तर बाजूस मासेमारांची अनधिकृत छपरी असून ती हटवणे आवश्यक आहे."

"अनधिकृत म्हंजे?"

"परवानगी न घेता बांधलेली."

"कोनाची परवानगी? तुमची?" त्यांचा आवाज चढला नाही. त्या उठल्या आणि मला मंडपाच्या आतल्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे एक तुळई मधोमध तडकली होती आणि तिच्याखाली मोहाच्या लाकडाची जाडजूड थुनी, म्हणजे टेकू, उभी होती. वरच्या टोकाला दगड रुतू नये म्हणून घोंगडीची घडी घातलेली. "हे थुनी आमच्या सासऱ्यानं लावली. तवा माहं लगन नवीन होतं. दर दोन-चार सालांनी बदलवतो. हे नसती तं तुमचा मंडप तवाच बसला असता. हे काहून नाही लिवलं?"

थुनी मला त्या पहिल्या दुपारीच दिसली होती. फोटो चांगला यावा म्हणून मी ती चौकटीबाहेर ठेवली होती. टिपणात 'तुळईस तडा' एवढंच लिहिलं होतं. ती तुळई मग आजवर कशावर उभी आहे, हे लिहायचं मला सुचलंही नव्हतं.

परतताना साकोलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असताना मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सही केलेलं शुद्धिपत्रक फाईलमधून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "सर, हे मी पाठवणार नाही. नवी नोटीस काढू या. दोन महिने पूर्ण देऊ या."

साहेबांनी चष्मा काढला. "उन्हाळ्यात मंडप पडला तर नोटीस कशावर लावाल?"

"पडू देणार नाही."

"कसा?"

"अजून माहीत नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर. टिपणीत तसं लिहा." मी तसं लिहिलं. चूक माझी आहे आणि विलंबाची जबाबदारी माझी राहील, या शब्दांत. नोकरीतली सगळ्यात छोटी टिपणी ती, आणि तिच्यामागे जितकी ठाम उभी राहिले तितकी दुसऱ्या कुठल्याच टिपणीमागे राहिले नाही.

दुरुस्त केलेली प्राथमिक अधिसूचना यायला संक्रांत उजाडली. या वेळी नोटीस लावायला शामरावाबरोबर मी स्वतः गेले. चिकटवायला घरून तांदळाची खळ नेली होती. आमच्या घरी मागावर चढवण्याआधी सुताला लावायची ती खळ. कागद फाटेल पण सुटणार नाही. मंडपाशेजारी बांबूची पाटी रोवून एक प्रत तिच्यावर, एक ग्रामपंचायतीवर, एक शाळेच्या फाटकावर. आणि बाजाराच्या दिवशी, लोक पारीवरून जात-येत असताना, मी ती नोटीस मोठ्यानं वाचली. 'ज्याअर्थी' सगळं गाळून, आमच्या घरच्या बोलीत सांगितलं. "हा मंडप सरकार आपल्या जिम्म्यात घेनार हाये. कोनाले काही म्हनाचं असन तं दोन महिन्यांत लिहून द्या. लिहिता येत नसन तं मले सांगा, मी लिहून घेतो. तुमच्या अंगठ्यालेबी तेवढीच किंमत हाये."

लोक हसले. त्यांच्या बायकांसारखं 'घेतो' म्हणणारी सरकारी मॅडम त्यांनी पाहिली नव्हती. पण लिहून कोणीच दिलं नाही.

पहिला महिना असाच गेला. मी पुन्हा गेले. घरोघर फिरले. माझ्याच प्रस्तावाविरुद्ध हरकती मागत फिरणारी मी बहुधा खात्यातली पहिलीच. सरपंचांच्या ओसरीवर बसून म्हटलं, "मला जे सांगितलं, गाडी कुठून न्यायची, ते लिहून द्या."

"तुमच्याच कामाच्या इरोधात?"

"हो."

"मॅडम, तुमची तब्येत ठीक हाये ना?"

"लिहून दिलंत तर मला त्यावर उत्तर द्यावंच लागेल. साहेबांनाही द्यावं लागेल. नुसतं बोललात तर तुमच्या ट्रॅक्टरचं उत्तर कोणीच देणार नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत जेसीबीला मंडपाला हात लावू देऊ नका. एवढा शब्द मला द्या."

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग लेटरहेड मागवलं, हरकत लिहिली, शिक्का मारला. शब्दही दिला. वरून ठेकेदाराचे निरोप येत होते तरी तो पाळला, हे मी त्यांच्यासाठी इथे नोंदवून ठेवते.

सरपंचांनी लिहिलं म्हटल्यावर गाव लिहू लागलं. शेवटच्या तारखेला माझ्याकडे सतरा कागद होते. एका म्हाताऱ्याची सूचना होती की सरकारनं मंडप घेतल्यावर तिथला पत्त्यांचा अड्डा बंद करावा. पत्ते खेळणाऱ्या तिघांची हरकत होती की तो बंद करू नये. एकानं लिहिलं होतं, "माझी हरकत नाही, पण विचारल्याबद्दल आभार." आणि कौतिकाबाईंची हरकत त्यांच्या सुनेनं वहीच्या पानावर लिहिली होती. तिच्यात तीन गोष्टी होत्या. छपरी राहावी. थुनीची नोंद व्हावी. आणि तुळईवरचे मासे शोभेचे आहेत असं लिहिलंय ते चूक आहे.

सुनावणी तहसील कचेरीत ठेवायची पद्धत. मी साहेबांना म्हटलं, एकदा मंडपातच घेऊ. त्यांना यायचं नव्हतं, पण आले. पोत्यावर बसले. समोर सरपंच, पत्तेवाले, सात-आठ ढिवर कुटुंबं. कौतिकाबाईंची पाळी आली तशा त्या वेळूची काठी घेऊन तुळईखाली उभ्या राहिल्या.

"मॅडमनं लिवलं, शोभेचे मासे. शोभेचे मासे काचेच्या पेटीत राह्यते, साहेब." त्यांनी काठी वर केली. "हा मरळ. तोंड पाहा, सापावानी. हा शिंगूर, मिशा हायेत. हा कटवा. हा वाघूर. हा दाडक. खोदनारानं खवलाखवलानं खोदले. धरल्याबिगर असे समजत नाही. त्याले कोनंतरी धरून दाखवले असन ना? आमच्याच मानसानं दाखवले. मंग आमी अनधिकृत कशे?"

साहेब उठून तुळईखाली गेले. मान वर करून एकेक मासा बघत शेवटपर्यंत पोचले. "आणि हा?"

"तो मले मालूम नाही," कौतिकाबाई म्हणाल्या. "सासऱ्यालेबी मालूम नव्हता. तलावात आता येत नाही तो."

खाली बसल्यावर साहेबांनी स्वतःच्या पेनानं माझ्या टिपणातला 'शोभेचे' हा शब्द खोडला. मी त्यांच्या हाताखाली अनेक वर्षं काढली. माझ्या लिखाणातलं त्यांनी खोडलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

रस्त्याचा प्रश्न मोजणीनं सुटला. पार सोडून तिच्या पायथ्यालगत, पाण्याच्या उलट्या बाजूनं, गाडीवाट काढता येत होती. दोघा शेतकऱ्यांच्या बांधाची थोडी थोडी जागा जाणार होती. एकानं लगेच दिली. दुसऱ्याला सरपंचांनी चार वेळा चहाला बोलावलं तेव्हा त्यानं दिली. छपरीचं असं ठरलं की तिचा भार कोरीव खांबावर नको, ती हातभर सरकवून स्वतःच्या लाकडांवर उभी करायची, पण हटवायची नाही. उन्हाळ्यात जेसीबी आला आणि पायथ्यानं काम करून गेला. मंडपाचा एक दगडही हलला नाही. मला वाटलं, जिंकलो.

पण अंतिम अधिसूचना आली नाही. फाईल मुंबईत होती. सतरा हरकती, त्यांचे सतरा अभिप्राय, प्रत्येकावर वेगळी शंका, प्रत्येक शंकेला माझं उत्तर. ती निघत नाही तोवर दुरुस्तीला हात लावता येत नाही. थुनी तात्पुरती आहे, दगडी आधार हवा, हे मला दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. पावसाळा लागला. एका सकाळी सरपंचांचा फोन आला. थुनीची तुळई तगली होती, पण मंडपाचा दक्षिणेकडचा कोपरा खाली आला होता.

मी पोचले तेव्हा छताच्या दोन शिळा आणि तुळईचा शेवटचा तुकडा चिखलात पडले होते. ढिवरांनी माणसं लावून शिळा उचलून कोरड्या जागी ठेवल्या होत्या. कौतिकाबाईंनी प्रत्येकीवर चुन्यानं खूण करवून घेतली होती, कोणती कुठली ते विसरू नये म्हणून. शिळा शाबूत होत्या. तुळईच्या तुकड्याच्या मात्र ठिकऱ्या झाल्या होत्या. त्यावर तो शेवटचा मासा होता, ज्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं.

मी परत येऊन माझा पहिला नकाशा काढून पाहिला. रांगेतले सगळे मासे मी एकसारखे काढले होते. एक काढला आणि बाकीचे त्याच्यावरून गिरवले. फोटोत तो कोपरा सावलीत होता.

साहेब एकदाच बोलले. "शुद्धिपत्रक पाठवलं असतं तर दुरुस्ती पावसाआधी झाली असती." ते टोचून बोलले नव्हते. हिशोब मांडल्यासारखं म्हणाले. तो हिशोब बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. मी तो पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला. शुद्धिपत्रक पाठवलं असतं तर तो मासा राहिला असता आणि कौतिकाबाईंची छपरी गेली असती. यातलं एक निवडायचं असतं तर मी जे केलं तेच पुन्हा केलं असतं. पण त्या ठिकऱ्या मी अर्धा दिवस एकमेकींना जुळवत बसले होते, हेही खरं.

त्यानंतर मी दर आठवड्याला मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही तर पुढच्या पत्रात मागच्या सगळ्या पत्रांचे क्रमांक घातले. शेवटी ती क्रमांकांची यादीच मजकुराहून लांब झाली. तिथल्या एका कक्ष अधिकाऱ्यानं फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला दुसरं काम नाही का?" मी म्हटलं, "आहे. पण हे झाल्यावर."

पुढच्या हिवाळ्यात अंतिम अधिसूचना निघाली. राजपत्राची प्रत हाती पडली तशी मी ती पिशवीत घालून खैरीला गेले. तोवर माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. कौतिकाबाई पारीखाली डोंग्यात, म्हणजे छोट्या लाकडी होडीत, जाळं भरत होत्या. सून काठावर होती. मी हाक मारली तशा त्या वर आल्या, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "वाचा."

मी पूर्ण वाचली. बारा खांब, गट क्रमांक, चारी सीमा, तडकलेल्या तुळईला मासेमारांनी दिलेला लाकडी आधार. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, "यात माहं नाव नाही?"

"राजपत्रात हरकत घेणाऱ्याचं नाव येत नाही."

"मंग कसं समजावं का मी बोलली होती?"

मी शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचली. "मंडपाच्या परिसरात मासेमारांकडून परंपरेने होत असलेला जाळी वाळवण्याचा व ठेवण्याचा वापर यापुढेही चालू राहील."

"अजून एकदा वाचा."

मी वाचली.

"बोट ठेवा. कुठून कुठवर हाये?"

मी ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत नेलं. त्यांनी माझ्या बोटामागून आपलं बोट नेलं. पुसूनही ओलसर राहिलेल्या बोटाची एक रेघ कागदावर उमटली. मग सुनेला जवळ बोलावून तीच जागा दाखवली आणि म्हणाल्या, "हे पाह्य. इथून इथवर माहं हाये."

सुनेनं ती ओळ हळूहळू, अक्षर लावत, स्वतः वाचली. कौतिकाबाई तोवर पारीवरून खाली उतरून डोंग्यात बसल्या होत्या.